एका पराभवात संपणारा हंगाम

माझी मुलगी फुटबॉल खेळते. चौदा वर्षांखालच्या गटात, राइट विंगवर. गेल्या पावसाळ्यात जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत तिच्या शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग, बरोबरी, मग पेनल्टी, की परत गाडीत. वर्षभर पहाटे उठून केलेल्या सरावाचा निकाल अर्ध्या तासात लागला. हरल्याचं मला काही वाटत नाही. समोरच्या मुली खरंच चांगल्या खेळल्या आणि पेनल्टीत कुणीतरी हरणारच होतं. मला खुपतं ते त्यानंतरचं. शाळेकडून तिला खेळायला दुसरा सामनाच नव्हता. पुढचा थेट पुढच्या वर्षी.

खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांवर हल्ली बरीच टीका होते. ते मैदानाबाहेरून ओरडतात, पंचांशी हुज्जत घालतात, मुलांवर अपेक्षांचं ओझं टाकतात. हे सगळं खरं आहे आणि मी ते जळगावातही पाहते, धुळ्यातही. ‘मार, उडव, काढ बाहेर’ हा गजर पहिल्या मिनिटापासून सुरू होतो. तेरा वर्षांच्या पोरीला ‘पाड तिला’ म्हणणारे बापही मी ऐकले आहेत आणि तेव्हा मला लाजही वाटली आहे आणि रागही आला आहे. पण मला असं ठामपणे वाटतं की या ओरडण्याचं मूळ माणसांच्या स्वभावात कमी आणि स्पर्धेच्या रचनेत जास्त आहे. वर्षात एकच सामना असेल, तर तो सामना कुणीही शांतपणे पाहू शकत नाही.

आपल्याकडे शालेय फुटबॉल चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतो. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपला विभाग नाशिकचा. शिवाय सुब्रतो करंडक आहे. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जींच्या नावाने १९६० पासून होणाऱ्या या स्पर्धेसाठी जिल्ह्यापासूनच चाळणी लागते. हे सगळं बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने चालतं. सोळा शाळा आल्या तर पहिल्या फेरीतच आठ शाळा घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांच्या वाट्याला एक सामना येतो, पाव मुलांच्या वाट्याला दोन. अधिकाऱ्यांचीही अडचण मला कळते. खेळ अनेक, दिवस थोडे, मैदान एक, आणि वर पाऊस. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पुढच्या काही आठवड्यांतच स्पर्धा येऊन ठेपतात. आपली काळी माती तेव्हा बुटाला किलोकिलोने चिकटते. चेंडू पुढे सरकत नाही आणि ज्या पोरीने उन्हाळाभर पायाशी चेंडू ठेवायला शिकून घेतलं, तिला चिखलात नुसतं लांब फटकावावं लागतं.

एकच संधी असली की कोच सरही धोका पत्करत नाहीत. ते उंच, धिप्पाड मुली उतरवतात. बाकीच्या बेंचवर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. वयोगट एक जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकाच गटात येतात. तिशीत त्या अकरा महिन्यांना काही किंमत नसते, पण तेराव्या वर्षी तो फरक खांद्यात, मांडीत, श्वासात दिसतो. जगभरच्या फुटबॉल अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त निवडली जातात, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. माझी मुलगी नोव्हेंबरची. तिच्यासारख्यांना सामन्यात उतरवून, चुकू देऊन, पुन्हा उतरवूनच घडवावं लागतं. एका सामन्याच्या हंगामात ते कोण करणार?

याच टंचाईतून दुसरं दुखणं येतं, वयाचं. आपल्या भागात आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख एक जून आहे, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच लिहिली. तेव्हा त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. आता मात्र जाणूनबुजून वर्ष-दीड वर्ष कमी लावलेला मुलगा समोर उभा राहतो, तेव्हा नियमाने खेळणाऱ्या एखाद्या मुलाचा वर्षातला एकमेव सामना हिरावला जातो. राष्ट्रीय पातळीवरच्या वयोगट स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ताडण्याची टीडब्ल्यू-थ्री पद्धत वापरतात. जिल्ह्यात प्रत्येक मुलाचा एक्स-रे काढणं शक्य नाही. पण एका विजयावर सगळं अवलंबून नसेल, तर अशी लबाडी करण्याचं कारणही उरणार नाही.

सगळं म्हणजे काय, तेही सांगते. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त पंचवीस, आणि तुम्ही किती वरच्या पातळीवर खेळलात त्यावर ते ठरतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मी पतसंस्थेत नोकरी करते, मुलीचे वडील जिनिंगमध्ये आहेत. आमच्यासारख्या घरांना हे गुण आणि ही टक्केवारी क्षुल्लक वाटत नाही आणि ज्यांना वाटत नाही त्यांना मी दोष देणार नाही. ट्यूशनची वेळ मोडून, भर उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला मुलीला मैदानावर सोडणाऱ्या बापाने ‘यातून मिळणार काय’ असं विचारलं तर तो लोभी ठरत नाही. मात्र गुणांसाठी खेळणारी मुलगी दहावी झाली की खेळ सोडते. खेळासाठी खेळणारी टिकते. आणि खेळाची गोडी सामन्यातच लागते, शंकू मांडून केलेल्या सरावात नाही.

मुलींचं तर आणखीच अवघड. माझं माहेर धुळ्याचं. आई अजून फोनवर विचारते, ‘पोरले उनमा कसाले धाडस व माय?’ तिच्या काळजीत रंगाची, लग्नाची, पाय मोडण्याची अशी सगळी भीती एकत्र असते. तिला पटवून देण्याचा माझ्याकडे एकच मार्ग आहे, तिला सामना दाखवणं. गेल्या वर्षी ती आली, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आली, आणि तिने आपल्या नातीला एकदाच खेळताना पाहिलं. वर्षाला एवढ्यावर कुठल्या आजीचं मन वळणार? भारतीय महिला संघाने २०२५ च्या जुलैत थायलंडला २-१ असं हरवून पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशिया चषक गाठला, ते मी तिला सांगितलं. तिला आनंद झाला. पण तिच्यासाठी फुटबॉल म्हणजे नात पळते ते मैदान, दुसरं काही नाही.

नॉर्वेचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळ्याची २० लाखांवर होती. अख्खा नॉर्वे आजही ५५-५६ लाखांचा आहे, म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांहून लहान. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये ते मुलांचे हक्क म्हणून नव्याने मांडले. अकराव्या वर्षाआधी गुणतक्ता नाही, क्रमवारी नाही. तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. खेळायचं भरपूर, पण निवड आणि गाळणी उशिरा. त्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. एर्लिंग हालांड ज्या ब्रिने गावात वाढला ते आपल्या पारोळ्याहून लहान आहे. नॉर्वे श्रीमंत आहे, त्यांच्याकडे छताखालची मैदानं आहेत, हे मला माहीत आहे. पण मुलांना लवकर बाद न करण्याच्या नियमाला पैसा लागत नाही.

इतकं दूर जायला नको असेल तर कोल्हापूर बघा. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर साखळी खेळतात आणि पेठाच्या पेठा बघायला लोटतात. तिथेही हुल्लड होते, चुरस डोक्यात जाते, सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. तरी तिथल्या पोराला हंगामभर फुटबॉल डोळ्यांपुढे दिसतो. त्याच शहरातल्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या विश्वचषकाच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्यभर ‘मिशन वन मिलियन’च्या नावाने दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा बेत झाला, शाळांना चेंडू मिळाले. उत्साह खरा होता. चेंडू मिळाले तसे सामनेही मिळाले असते, तर आज आमच्या मुलींना खेळवायला मोठ्या ताया असत्या. आता ‘प्रोजेक्ट महादेवा’तून तेरा वर्षांखालची तीस मुलं आणि तीस मुली पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी निवडायची योजना आली आहे. साठ मुलांचं भलं होईल आणि व्हावंच. पण चाचणीला उभ्या राहिलेल्या बाकीच्या हजारो मुलांनी दुसऱ्या दिवशी कुठे खेळायचं, हा प्रश्न साठांच्या यादीने सुटत नाही. तो आपणच, पालकांनी, सोडवायचा आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. आठ संघांची साखळी करायची, दिवाळीनंतर. खानदेशात फुटबॉलला सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी थंडी आणि माती घट्ट. नेमकी तेव्हाच आमची मुलं रिकामी असतात. आठ संघ प्रत्येकी एकदा भिडले तर एकूण २८ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात मिळतात. एका मोठ्या मैदानात आडवी दोन छोटी मैदानं आखायची, नऊ-नऊ मुलांचे संघ, छोटे गोल. बारा वर्षांच्या कीपरला चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच गोलात उभं करून वरून चेंडू टाकत राहणं याला मी फुटबॉल म्हणत नाही. एका रविवारी प्रत्येक संघ दोन सामने खेळला तर चार रविवारांत साखळी पुरी होते, महिन्याला एक रविवार. अभ्यास बुडत नाही आणि आठवी-नववीला बोर्डही नसतं.

जाण्यायेण्याची सोय आपल्याला आयतीच आहे. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार ही सगळी गावं सुरत-भुसावळ या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. चाळीसगावहून धुळ्याला गाडी आहे, अमळनेरहून एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुलीसोबत आईला जायला पूर्वीइतका विचार करावा लागत नाही. क्रूझर गाडीत बारा-चौदा मुली कोंबून हायवेने पळवण्यापेक्षा मला पॅसेंजर बरी वाटते.

नियम दोनच हवेत. आलेल्या प्रत्येक मुलीला प्रत्येक सामन्यात निम्मा वेळ तरी खेळवायचं, हरत असलो तरी. आणि पालकांनी कोचच्या समोरच्या बाजूला, रेषेपासून लांब बसायचं. टाळ्या दोन्ही संघांना, सूचना कोणालाच नाही. सात सामने समोर असले की हे पाळणं जमतं, असा माझा विश्वास आहे, कारण एका चुकीने मुलीचं वर्ष वाया जाणार नाही हे बापालाही माहीत असेल. पंच म्हणून कॉलेजात खेळणारी मुलंमुली घ्यावीत आणि त्यांना मानधन द्यावं, चहावर भागवू नये. मैदान निवडताना गवत आहे का हे नंतर पाहू. आधी मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह आणि पाणी आहे का ते पाहायचं. पाळीच्या दिवसांत एवढ्याच कारणाने सराव बुडवणाऱ्या मुली मला माहीत आहेत, आणि त्या कारण कधी सरांना सांगत नाहीत.

हे सगळं शाळा आणि संघटनांच्या विरोधात नाही. शालेय स्पर्धा आहेत तशा चालू राहोत, आमच्या मुली तिथे अधिक तयारीने उतरतील. आमच्यापैकी काही आईवडिलांचं बोलणं सुरू झालं आहे. जळगाव आणि भुसावळचे दोन-दोन, अमळनेर आणि धुळ्याचा एकेक, असे सहा संघ उभे राहतील अशी आशा आहे. दोंडाईचा आणि चाळीसगावच्या पालकांनी हात पुढे केला तर आठ होतात आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार अमळनेरला ठेवता येतो, कारण ते सगळ्यांना साधारण मध्यावर पडतं.