सद्रक्षणाचे मोल

'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे. त्यात सज्जनांचे रक्षण आधी येते, दुष्टांचे निर्दालन नंतर. पोलिसांच्या कामगिरीचा लेखाजोखा मांडताना मात्र आपण हा क्रम उलटा करतो. किती आरोपी पकडले, किती मुद्देमाल हस्तगत केला, याचीच मोजदाद होते. जो गुन्हा घडलाच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत होणार?

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला असलेल्या गास गावात उभे राहिले की या प्रश्नाचे गांभीर्य जाणवते. एकीकडे विहिरी, बागायती आणि कार्तिकात भरणारी जवळच्या निर्मळची यात्रा. दुसरीकडे स्थानकाभोवती दाटलेल्या इमारतींचे जंगल. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. जिथे सारा गाव एकमेकांस ओळखत असे, तिथे आज शेजारच्या दाराआड कोण राहते हे ठाऊक नसते. अशा वस्तीचा बंदोबस्त दीर्घकाळ ग्रामीण पोलीस व्यवस्थेच्या खांद्यावर होता. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. २६/११च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवाद्यांशी लढताना जखमी झालेले सदानंद दाते हे त्याचे पहिले आयुक्त. आरंभ असा तेजस्वी होता.

या पोलिसांचे कसब २०२२च्या ऑक्टोबरमध्ये दिसले. वसईतील एका पित्याने, मुलीशी संपर्क होत नाही, अशी तक्रार माणिकपूर पोलिसांकडे दिली. बेपत्ता व्यक्तींच्या शेकडो तक्रारींत ही आणखी एक म्हणून पडून राहू शकली असती. तसे झाले नाही. मुलगी भांडून निघून गेली, असे तिचा जोडीदार सांगत होता. परंतु ती गेल्याच्या सांगितलेल्या तारखेनंतरही तिच्या बँक खात्यातून रक्कम हस्तांतरित झाली होती आणि भ्रमणध्वनीचा माग दिल्लीकडे बोट दाखवीत होता. या विसंगती हेरून माणिकपूरच्या पोलिसांनी प्रकरण दिल्ली पोलिसांपुढे ठेवले. नोव्हेंबरमध्ये त्या जोडीदारास खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. साऱ्या देशाला हादरवणाऱ्या या प्रकरणाचा पहिला धागा वसईतील एका पोलीस ठाण्यात हाती लागला, ही गोष्ट निःसंशय अभिमानास्पद आहे.

परंतु अभिमानाबरोबर एक शल्यही आहे. याच मुलीने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्यातील तुळींज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती. मारहाण होते, जिवे मारण्याची धमकी मिळते, असे तिने त्यात लिहिले होते. पुढे तिने तक्रार मागे घेतली आणि प्रकरण मिटले. कायद्याच्या दृष्टीने कदाचित कागद पूर्ण झाला असेल. पण भयग्रस्त स्त्री तक्रार मागे घेते, तेव्हा भय संपलेले असतेच असे नाही. अनेकदा ते वाढलेले असते.

खलनिग्रहणाला तपासातील चातुर्य लागते, सद्रक्षणाला ऐकून घेण्याचा धीर. मागे घेतलेल्या तक्रारीनंतरही महिन्याभराने कोणी महिला शिपाई त्या दारी जाऊन 'ताई, बरी आहेस ना?' एवढे विचारील, तर तीही कामगिरीच मानली पाहिजे. त्यासाठी पुरेसे मनुष्यबळ देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्या शिपायाच्या सेवापुस्तकात या भेटीला मोल असणे, हे वरिष्ठांचे.

आणि आपले? शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला की आपण दूरदर्शन संचाचा आवाज वाढवतो, मग पोलिसांना बोल लावतो. पीडितेसोबत ठाण्याची पायरी चढणारा एक शेजारी, एक कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत असेल, तर तक्रार मागे घेण्याची वेळ तिच्यावर सहसा येणार नाही. ब्रीदातील पहिला शब्द केवळ खाकी वर्दीसाठी लिहिलेला नाही.