आधी नाडी बघा, मग फॉर्मॅट मारा

संगणक सुरू होईना म्हणून दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं. "काका, हार्ड डिस्क गेली. फॉर्मॅट मारावा लागेल." अहो, डिस्क गेली असेल तर फॉर्मॅट कशावर मारणार? आणि फॉर्मॅट मारता येत असेल तर ती गेली कुठे? चौतीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, त्यामुळे असं वाक्य कानावर पडलं की हात लाल पेन शोधायला जातोच.

मी इंजिनिअर नाही, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर आहे. पण हजेरी घेताना एखादा मुलगा 'हजर' म्हणाला नाही, तर लगेच त्याचं नाव पटावरून कमी करत नसत, एवढं मला कळतं. आधी चौकशी करायची. एस.टी. चुकली का, ताप आलाय का, की शेजारच्या वर्गात जाऊन बसलाय?

संगणक सुरू होताना अशीच हजेरी घेतो. बायोस नावाचा छोटा प्रोग्राम आधी जागा होतो, जोडलेली उपकरणं तपासतो आणि ठरलेल्या क्रमाने विंडोज शोधतो. क्रमात पेन ड्राइव्ह वर असेल आणि कालचा पेन ड्राइव्ह तसाच खोचलेला राहिला असेल, तर डिस्क ठणठणीत असूनही पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश येऊ शकतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते. ती संपली की घड्याळ मागे जातं, ठरवून ठेवलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि विंडोज अडून बसू शकतं. सुटीत संगणक हलवताना डेटा केबल किंचित निसटली, तरी डिस्क दिसेनाशी होते. यातल्या कोणत्याही दुखण्यावर फॉर्मॅट हा उपाय नाही.

त्यानंतर कान द्यावा. मोठ्या संगणकातल्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते. मंद घरघर ऐकू आली तर मोटर फिरते आहे. अजिबात आवाज नसेल तर वीजपुरवठा, केबल किंवा डिस्कखालचा सर्किट बोर्ड यांच्यावर आधी संशय घ्यावा. 'टक् टक्' असा ठेका असेल तर मात्र दुखणं आतल्या हेडचं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी लगेच संगणक बंद करावा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणारे महाभाग तबकडी खरवडून घेतात. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये, आत दव धरलं की उरलीसुरली आशाही संपते. (नव्या एसएसडीला फिरणारा भाग नसतो, ती मुकाट्याने जाते. तिथे कान उपयोगाचा नाही.)

डिस्क बायोसमध्ये दिसते आहे पण विंडोज येत नाही, असं असेल तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून आधी माहिती उतरवून घ्यावी. दुरुस्ती त्यानंतर. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉर्मॅट केला की सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मग कोणी कितीही डोकं आपटलं तरी काही हाती लागत नाही.

ओळखीतल्या एका काकूंच्या संगणकात यजमानांचे अखेरच्या वर्षांतले फोटो होते. दुकानातल्या मुलाने न विचारता विंडोज नव्याने टाकलं. संगणक सुरू झाला, फोटो गेले. "बॅकअप नव्हता का?" हा प्रश्न त्याने नंतर विचारला. डिस्क शेवटपर्यंत चालू होती, हे वेगळं सांगायला नकोच. नाहीतर विंडोज पडलं कुठे?

२००८ च्या अखेरीस सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या कित्येक डिस्क बायोसला अचानक दिसेनाशा झाल्या. दोष डिस्कच्या स्वतःच्या आतल्या प्रोग्राममध्ये, फर्मवेअरमध्ये होता. तबकड्यांवरची माहिती जशीच्या तशी होती. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य केला आणि सुधारित फर्मवेअर दिलं. 'मेली' म्हणून ज्यांनी त्या डिस्क फेकून दिल्या, त्यांनी जिवंत माणूस स्मशानात नेला म्हणायचं!

दुकानदार म्हणतील, गिऱ्हाईकाला घाई असते, पाचशे रुपयांत किती तपासायचं? मान्य. मग तपासणीचे वेगळे पैसे मागा. डॉक्टरही नाडी बघायचे पैसे घेतात आणि आपण देतो. पण न तपासता निदान सांगायचं आणि त्या निदानाच्या नावाखाली दुसऱ्याच्या आठवणी पुसायच्या, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आणि मंडळी, आपणही गप्प राहू नये. संगणक हातात देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. बायोसमध्ये डिस्क दिसते का? केबल बदलून पाहिली का? माहिती आधी उतरवणार का? हल्ली बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचं कुलूप असतं, त्याची ४८ आकडी किल्ली आजच वहीत लिहून ठेवा. आणि पावतीवर लिहून घ्या : 'विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये.' लिहून द्यायला जो का-कू करेल, त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.