पहिला बोर्ड जुन्याच संगणकाचा आखा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की कोकणातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांकडे रीघ लागते. खरेदी ठरलेली असते: एक आर्ड्युइनो किंवा ईएसपी३२, तीन-चार सेन्सर, छोटा डिस्प्ले आणि जंपर वायरींचा पुडका. वायरी खोचायच्या, कोणाचा तरी तयार प्रोग्रॅम भरायचा, नावाआधी 'स्मार्ट' लावायचे आणि रिपोर्ट बाइंडिंगला टाकायचा. मार्क मिळतात. पण या प्रोजेक्टमधले जे खरे इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे तो तयार बोर्ड, त्यातली एक रेघही विद्यार्थ्याने ओढलेली नसते. लोणेरे येथे १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडला एमआयडीसी आहे, महाड-पोलादपूरला आयटीआय आहेत. एवढे हाताशी असलेल्या पट्ट्याने यापेक्षा जास्त मागायला हवे. माझे म्हणणे असे की इथल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याने निदान एका संपूर्ण संगणकाचा सर्किट बोर्ड स्वतः आखावा, छापून मागवावा आणि चालू करून दाखवावा. आणि तो संगणक आजचा नको, १९७६ सालचा हवा.

जुनाच का, याचे उत्तर भावनेत नाही, तांब्याच्या रेघांत आहे. आजच्या मोबाइलमधला प्रोसेसर घ्या. त्याच्या पोटाखाली शेकडो बारीक गोळ्यांची जाळी असते, मेमरीच्या तारा एकमेकींशी मिलिमीटरच्या अंशाइतक्या जुळवाव्या लागतात, आणि बोर्डाला सहा-आठ-दहा थर लागतात. नवशिक्याने त्याला हात लावण्यात अर्थ नाही. इंटेलचा ८०८५ किंवा झायलॉगचा झेड८० मात्र दोन्हीही १९७६ चे, चाळीस पायांचे, पाच व्होल्टवर चालणारे. दोन पायांत अडीच मिलिमीटर अंतर, त्यामुळे डाग देताना भिंगाची गरज नाही. वेग तीन-चार मेगाहर्ट्झचा, त्यामुळे दोन थरांच्या साध्या बोर्डावर रेघ थोडी वाकडी गेली, लांब गेली तरी यंत्र रुसत नाही. प्रोसेसर, रॉम, रॅम, एक लॅच, पत्ता उलगडणारी एक आयसी, की-बोर्डासाठी काहीतरी. दहा-बारा आयसींत संपूर्ण संगणक उभा राहतो आणि त्यातली प्रत्येक तार कशासाठी आहे हे एका माणसाला सांगता येते. यानंतरच्या पिढ्यांबद्दल हे म्हणता येत नाही.

मुळात हौशी संगणकांचा सगळा इतिहासच बोर्डाचा आहे. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात आल्टेअर ८८०० हा संगणक झळकला आणि त्याच्या शंभर पिनांच्या जोडणीभोवती पुढे छोट्या-मोठ्या कंपन्यांनी आपापले बोर्ड काढले. ऍपलच्या वॉझनियाक आणि जॉब्स यांचा पहिला बेतही संगणक विकण्याचा नव्हताच. हौशी संगणकवाल्यांच्या क्लबातल्या मित्रांना कोरे बोर्ड विकावेत, आयसी ज्याने त्याने आणून बसवाव्यात, एवढाच होता. एका दुकानदाराने जोडलेल्या पन्नास बोर्डांची ऑर्डर दिली आणि ऍपल-१ हे उत्पादन झाले. आपल्याकडे ती हौस घरात फारशी आली नाही, ती आली प्रयोगशाळेत. इंटेलने १९७७ मध्ये एसडीके-८५ हा शिकाऊ बोर्ड काढला, चोवीस बटणांचा आणि सहा आकडी डिस्प्लेचा. डायनालॉगच्या 'मायक्रोफ्रेंड'सारखी किट त्याच घराण्यातली. महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा डिग्री केलेल्या दोन पिढ्यांनी अशा किटवर हेक्स आकडे बडवून दोन संख्यांची बेरीज केली आहे. बेरीज झाली, जर्नल भरले, सही झाली. तो बोर्ड असा का आखला आहे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. किट काचेच्या कपाटात बंद, आणि किल्ली लॅब असिस्टंटकडे.

आता हाच बोर्ड नव्याने आखायला घेतला की काय शिकायला मिळते ते पाहू. ८०८५ च्या बारा ते एकोणीस या आठ पायांवर आधी पत्त्याचा खालचा अर्धा भाग येतो आणि क्षणात त्याच पायांवर डेटा येतो. पत्ता पकडून ठेवायला ७४एलएस३७३ हा लॅच लागतो, आणि पकडायचा कधी हे तिसाव्या पायावरचा एएलई सिग्नल सांगतो. पुस्तकात ही एक आकृती आहे, परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न. बोर्ड आखताना मात्र त्या आठ तारा प्रोसेसरपासून लॅचपर्यंत आणि तिथून रॉम-रॅमपर्यंत कुठून न्यायच्या, याचा निकाल स्वतःच लावावा लागतो. रॉमचेच घ्या. जुनी २७सी२५६ आणि विजेने पुसता येणारी २८सी२५६ या दोघी अठ्ठावीस पायांच्या, दिसायला सख्ख्या बहिणी. पण एकीचा पत्त्याचा सर्वांत वरचा धागा सत्ताविसाव्या पायावर, दुसरीचा पहिल्यावर. बोर्डावर तीन पिनांचे एक-दोन जंपर ठेवले तर दोन्ही चालतात. न ठेवले तर बाजारात मिळेल ती आयसी घेऊन यायची आणि मग ब्लेडने ट्रॅक कापून वर वायर ओढायची.

याहून बोधप्रद गोष्ट न जोडलेल्या पायांची. ८०८५ चे रेडी, होल्ड, ट्रॅप आणि इंटर हे चार पाय छोट्या बोर्डात वापरायचे नसतात, म्हणून नवशिका ते मोकळे सोडतो. बोर्ड आखण्याचे किकॅड हे सॉफ्टवेअर त्यावर इशारा देते. इशारा नकोसा वाटतो, म्हणून त्या पायांवर 'जोड नाही' अशी फुली मारली जाते आणि तपासणी हिरवी होते. बोर्ड छापून येतो, आयसी बसतात, वीज दिली जाते, आणि काहीच होत नाही. किंवा अधिक वाईट म्हणजे हात जवळ नेला की चालतो आणि दूर नेला की बंद पडतो. कारण रेडी पाच व्होल्टला आणि उरलेले तिघे ग्राउंडला बांधायला हवे होते. मोकळा पाय म्हणजे शून्य नव्हे, हे वाक्य वर्गात कितीही वेळा सांगा, ते खरे कळते ते असा एक बोर्ड हातात मेल्यावर. प्रत्येक आयसीशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर का ठेवतात, हेही तसेच.

बोर्ड मागवणे हा कारकुनी भाग समजू नये. निम्मे शिक्षण तिथे आहे. किकॅड फुकट आहे. १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते सुरू केले आणि पुढे युरोपच्या सर्न प्रयोगशाळेने त्याला हातभार लावला. त्यातून प्रत्येक थराची गर्बर फाइल निघते, भोकांची वेगळी फाइल निघते, आणि ती सगळी झिप करून कंपनीकडे जाते. मग फॉर्म समोर येतो: थर किती, जाडी १.६ मिलिमीटर की कमी, तांबे किती, वर मुलामा कथलाचा की सोन्याचा. इथे प्रत्येक चौकोनाला कारण द्यावे लागते. महाड-पोलादपूरच्या पावसात उघडे तांबे लवकर काळवंडते, म्हणून मुलामा आणि तांबे झाकणारा मास्क ही चैन नव्हे. घरच्या घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड कोरण्याची जुनी पद्धत स्वस्त आहे हे खरे, पण वापरलेले तांबेमिश्रित द्रावण शेवटी मोरीत ओतले जाते. सावित्री नदीच्या पाण्यात रसायने सोडल्याबद्दल कारखान्यांना बोल लावणाऱ्या गावात कॉलेजने तेच करू नये. ऑर्डर देण्याआधी मी तरी एक हट्ट धरीन: बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापायचा आणि त्यावर प्रत्यक्ष आयसी ठेवून बघायची. रुंद आणि अरुंद सॉकेटची गल्लत अशी दोन मिनिटांत पकडली जाते.

आक्षेप असा येतो की ज्या चिपला बाजार नाही ती शिकून काय मिळणार? झायलॉगने २०२४ मध्ये मूळ झेड८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेऊन खिडकी बंद केली. ८०८५ तर कधीच थांबला. शिवाय हा सगळा संगणक लॅपटॉपवर सिम्युलेटरमध्ये चालतो, मग तांबे कशाला? सिम्युलेटरचे उत्तर वर आलेच आहे: सिम्युलेटरमध्ये पाय मोकळा राहत नाही आणि सॉकेट सैल होत नाही. बाजाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र महाडच्या वेशीवर शोधावे. रासायनिक कारखान्याचे रिअॅक्टर, पंप, सेंट्रिफ्यूज वीस-तीस वर्षे चालतात; त्यांना चालवणारी कंट्रोल कार्डे बनवणारी कंपनी तेवढी टिकतेच असे नाही. कार्ड गेले आणि नवीन मिळत नसेल, तर ते वाचून, ट्रॅक मागे-मागे शोधून, सर्किट पुन्हा आखून छापून आणणारा माणूस लागतो. हे काम करणारी दुकाने मुंबई-पुण्यात आहेत. ज्याने ८०८५ चा बोर्ड एकदा आखला आहे त्याला हे काम परके वाटणार नाही, आणि आर्ड्युइनोला वायरी खोचणाऱ्याला ते सुरूच करता येणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा किती यंत्रांचे बोर्ड चिखलात गेले असतील त्याची कल्पना करा. अशा वेळी ज्या यंत्राचे सर्किट हाती असते ते धुऊन, वाळवून, भाग बदलून पुन्हा उभे करता येते. ज्याचे नसते ते भंगारात जाते.

बोर्ड चीनहून का छापून आणायचे, हा स्वदेशीचा आक्षेपही मी हलक्यात घेत नाही. दहा सेंटिमीटर चौरसाचे पाच बोर्ड चिनी कंपन्या काही डॉलरांत छापून देतात, आणि भाडे व जकात मिळून बोर्डापेक्षा जास्त होते. भारताने २०२४ मध्ये चीन आणि हाँगकाँगमधून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या बोर्डांवर अँटी-डंपिंग शुल्कही लावले. गांधीनगर आणि बंगळुरूला चांगल्या भारतीय कंपन्या आहेत. पाच नगांना त्या महाग पडतात, पन्नासला तितक्या नाहीत. म्हणजे उपाय सरळ आहे: एकेकट्याने ऑर्डर देऊ नये, वर्गाने मिळून द्यावी. केंद्राने २०२५ मध्ये सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली, तिच्यात बहुथरी बोर्डही आहेत. पण कारखाने उभे राहिले आणि बोर्ड आखणारी माणसे नसली, तर तिथे छापले जाणार ते दुसऱ्यांचेच आराखडे. छपाई कुठली, हा प्रश्न आखणी कोणाची यापेक्षा दुय्यम आहे.

जुन्या आयसींची अडचण मात्र खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. बाजारात जुन्या बोर्डांवरून काढलेल्या, घासून नवे नाव छापलेल्या चिपा येतात. नाव एक, आत भलतेच. त्यावर सॉकेट वापरणे आणि दोन ठिकाणांहून माल घेणे एवढेच हातात आहे. कोणाला नवीकोरी चिपच हवी असेल तर ऍपल-१ च्या कुळातला ६५सी०२ वेस्टर्न डिझाइन सेंटर अजून बनवते. त्याचा बोर्ड ८०८५ पेक्षा सोपाच. पण आपल्या प्राध्यापकांना ८०८५ पाठ आहे, आणि त्याची जुनी किट कपाटात पडलेली आहेत. त्यातली एक आयसी चालली तरी कामाला सुरुवात होते.

म्हणून लोणेरे विद्यापीठातल्या आणि आसपासच्या पॉलिटेक्निकमधल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना विनंती आहे. पुढच्या सत्रात 'स्मार्ट' प्रोजेक्टांपैकी एक गट कमी करा आणि त्या जागी ८०८५ चा बोर्ड द्या. सर्किट, गर्बर आणि झालेल्या चुकांची यादी कॉलेजच्या नावाने सर्वांसाठी खुली ठेवा, म्हणजे पोलादपूरच्या आयटीआयमधल्या मुलाला ती पुढच्या वर्षी सुधारून वापरता येईल. आणि मार्क देताना बोर्ड चालला की नाही एवढेच विचारू नका. रेडीचा पाय कुठे जोडला आणि का, हेही विचारा.