जाहीर आवाहन : रिकॉलची खातरजमा केल्याशिवाय एटीव्हीवर बसू नये

महाराष्ट्र आणि गोव्यातील समुद्रकिनारे, थंड हवेची ठिकाणे व फार्महाऊस येथे एटीव्ही भाड्याने देणारे व्यावसायिक, त्यांवर हौसेने बसणारे पर्यटक, तसेच अमेरिकेत स्थायिक होऊन सुट्टीत वाळवंटी वा डोंगरी वाटांवर अशी वाहने नेणारी मराठी कुटुंबे, या सर्वांना उद्देशून हे आवाहन करण्यात येत आहे.

एटीव्ही म्हणजे कमी हवेच्या रुंद टायरांवर चालणारे, मोटारसायकलीसारखे हँडल असलेले चारचाकी वाहन. ज्यात चालक व सहप्रवासी शेजारी-शेजारी बसतात आणि ज्याला स्टीअरिंग, सीटबेल्ट व डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो, ते साइड-बाय-साइड. अशा वाहनात सुरक्षिततेला बाधा आणणारा दोष आढळला, तर उत्पादकाने तो जाहीर करून वाहन विनामूल्य दुरुस्त करून देणे, बदलून देणे किंवा त्याची किंमत परत करणे, या प्रक्रियेला रिकॉल म्हणतात. अमेरिकेत या वाहनांवर देखरेख ठेवण्याचे काम ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी 1972च्या कायद्याने स्थापन झालेला संघीय आयोग करतो, आणि धोकादायक दोषाची माहिती हाती येताच ती आयोगाला तातडीने कळवणे उत्पादकावर बंधनकारक आहे.

या तरतुदीचे महत्त्व पोलारिस कंपनीच्या आरझेडआर या साइड-बाय-साइड वाहनांच्या प्रकरणातून स्पष्ट होते. या वाहनांत इंजिन आसनांच्या लगेच मागे असते, त्यामुळे तेथे पेट घेतल्यास ज्वाळा आणि प्रवासी यांच्यात फारच थोडे अंतर उरते. एप्रिल 2016मध्ये 2013 ते 2016 या मॉडेल-वर्षांतील सुमारे 1,33,000 आरझेडआर वाहने आगीच्या धोक्यामुळे परत बोलावण्यात आली, तेव्हा आगीच्या 160हून अधिक घटना नोंदल्या गेल्या होत्या, 19 जण जखमी झाल्याच्या नोंदी होत्या आणि वाहन उलटून लागलेल्या आगीत 15 वर्षांच्या एका सहप्रवाशाचा मृत्यू झाला होता. दोषांची माहिती वेळेत न कळवल्याच्या आरोपावरून कंपनीने 2018मध्ये 2 कोटी 72 लाख 50 हजार डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. दंड कितीही मोठा असला, तरी तो अपघातानंतर येतो. अपघाताआधी उपयोगी पडते ती वेळेवर दिलेली सूचना, आणि तीही वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यापर्यंत पोहोचली आणि त्याने ती पाळली तरच.

सूचना पोहोचण्याचा हा दुवा भारतात विशेष कच्चा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने आलेले कलम 110अ केंद्र सरकारला सदोष वाहने परत बोलावण्याचे अधिकार देते. परंतु किनाऱ्यावर वा बंदिस्त मैदानात फिरणाऱ्या बहुतेक एटीव्हींची आरटीओकडे नोंदणीच नसल्याने वाहन हातोहात विकले गेले की नव्या मालकाचा पत्ता उत्पादकाला लागत नाही. शिवाय भाड्याच्या वाहनावर बसणारा पर्यटक मालक नसतो. सूचनापत्र आले तरी ते त्याच्या हाती कधीच पडत नाही.

म्हणून वाहनमालकांनी चासीवरील चिखल पुसून तिच्यावर कोरलेला 17 अक्षर-अंकांचा क्रमांक उतरवून घ्यावा, तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत विक्रेत्याकडे तपासावा आणि वाहन जुने घेतलेले असल्यास आपले नाव, पत्ता व दूरध्वनी त्याच्याकडे नोंदवावा. रिकॉल लागू असल्यास दुरुस्ती होईपर्यंत वाहन बाजूला उभे करावे, हंगाम भरात असला तरी ते भाड्याने देऊ नये; आणि दुरुस्तीचा कागद ग्राहकांना दिसेल अशा जागी लावावा. पेट्रोलचा वास येणे, थ्रॉटल अडकणे, स्टीअरिंग सैल लागणे किंवा सायलेन्सरभोवतीचे उष्णतारोधक कवच खिळखिळे होणे, यांपैकी काहीही आढळल्यास रिकॉलची वाट न पाहता वाहन थांबवावे.

पर्यटकांनी, विशेषतः मुलांना सोबत बसवणाऱ्या पालकांनी, पैसे देण्यापूर्वी वाहनाचे मॉडेल कोणते, ते कोणत्या वर्षीचे आणि त्याच्यावरील रिकॉलची दुरुस्ती झाली आहे काय, असे स्पष्ट विचारावे. अमेरिकेतील मराठी मंडळांनी सहलीचे नियोजन करताना हीच विचारणा भाड्याने वाहन देणाऱ्याकडे करावी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019च्या कलम 20नुसार धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. त्यामुळे सदोष वाहनाची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर अवश्य नोंदवावी, कारण नोंदच झाली नाही तर दोष किती वाहनांत आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

विचारलेल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर त्या वाहनावर स्वतः बसू नये आणि मुलांना तर मुळीच बसवू नये, अशी सर्व नागरिकांना कळकळीची विनंती आहे.