तक्रार गेली, सभा कोठे आहे?

अमरावती व अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका झाल्या त्या जानेवारी २०२६ मध्ये. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी, असे संविधान सांगते. जवळजवळ चार वर्षे वऱ्हाडची ही दोन शहरे प्रशासकांच्या हाती होती आणि नागरिकांच्या हाती होता मोबाईल. तुंबलेल्या नालीचे छायाचित्र काढावे, फेसबुकवर टाकावे, साहेबांना दोन ओळी लिहाव्यात!

या साधनाचा आम्हांस तिटकारा नाही. एखादी नाली त्यामुळे उपसली जातही असेल. परंतु तक्रार करणारा एकटा, दाद देणारा अधिकारी, आणि काम झालेच तर ती मेहेरबानी. हक्काचा नागरिक असा अर्जदार होऊन बसतो. शिवाय जिचा दिवस नळाची वाट पाहण्यात जातो, त्या मोलकरणीच्या वस्तीचे छायाचित्र कोण टाकणार?

१३ जानेवारी २०१८ रोजी हजारो अकोलेकर मोर्णेच्या काठी जमले आणि त्यांनी जलकुंभी उपसली. निरोप फोनवरून गेलेही असतील. पण माणसे समोरासमोर आली. नदीत सांडपाणी सोडते कोण, हे विचारायलाही तशीच सभा लागते.

तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, ही तरतूद १९९३ पासून अमलात आहे. साथींनी नव्या नगरसेवकांकडे एवढेच मागावे : प्रभागातील तक्रारींची वही दरमहा वस्तीत उघड्यावर वाचली जावी, आणि कोणती तक्रार कोणी, कोणत्या कारणाने ‘निकाली’ काढली, हेही त्याच सभेत सांगितले जावे.