गोलरेषेवरील गुन्ह्याचा हिशेब

फुटबॉलमधील हँडबॉलचे जे प्रसंग लोकांच्या जिभेवर कायमचे बसले आहेत, ते बहुतेक चोरीचे आहेत. १९८६ च्या जून महिन्यात मेक्सिकोतील अझ्टेका मैदानावर मॅराडोनाने इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टन याच्या आधी उडी घेऊन डाव्या मुठीने चेंडू जाळ्यात लोटला आणि पंचांना तो मस्तकाचा पराक्रम वाटला. २००९ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या वेशीवरील मैदानात थिएरी आँरीने चेंडू दोनदा हाताने सावरून गॅलासकडे दिला आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली. आयर्लंडने सामना पुन्हा खेळविण्याची मागणी केली, ती फेटाळण्यात आली, आणि काही वर्षांनी असे उघडकीस आले की फिफाने आयरिश संघटनेला गुपचूप पन्नास लाख युरो दिले होते. न्याय नाकारून नुकसानभरपाई मात्र चुकती करण्याचा हा शिरस्ता कोणत्याही मुन्सफाला बुचकळ्यात टाकील. तथापि या दोन्ही प्रकरणांवर आता फारसे लिहिण्याजोगे उरलेले नाही. कारण चोरी म्हटली की तिच्यावर उपाय पहाऱ्याचा, आणि २०१८ च्या विश्वचषकापासून चलच्चित्र पाहून निर्णय तपासणारे सहायक पंच हा पहारा करीत आहेत. आज ते दोन्ही गोल घटकाभरात रद्द झाले असते.

मला सांगावयाचे आहे ते निराळ्या हातांविषयी, ज्यांनी काहीही लपविले नाही. २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर उरुग्वे आणि घाना यांची उपांत्यपूर्व लढत एक-एक अशा बरोबरीत अडली होती. आफ्रिकेच्या भूमीवर प्रथमच भरलेल्या विश्वचषकात आफ्रिकेचा एकटा घानाच शिल्लक होता, आणि त्या खंडाचा कोणताही संघ तोवर उपांत्य फेरीत पोहोचलेला नव्हता. जादा वेळेचा अखेरचा क्षण संपत असताना घानाची फ्री किक उरुग्वेच्या गोलपुढे आली, धुमश्चक्री उडाली, लुइस सुआरेझने पहिला फटका गोलरेषेवर पायाने अडविला, आणि लगेच डॉमिनिक अडियाने डोक्याने मारलेला, निःसंशय आत जाणारा चेंडू त्याने दोन्ही हातांनी, एखाद्या सराईत गोलरक्षकाप्रमाणे, परत लोटला. (त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या फुसिलेनेही हात उचललाच होता, केवळ चेंडू त्याच्या बाजूला गेला नाही, म्हणून इतिहासाने त्याला माफ केले.) पोर्तुगीज पंचांनी सारे पाहिले, लाल कार्ड दाखविले, पेनल्टी दिली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या दांडीवर आपटून वर उडाला, बोगद्याच्या तोंडाशी थांबलेला सुआरेझ आनंदाने नाचू लागला, आणि त्यानंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे चार-दोन असा विजयी झाला.

या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की त्यात कायद्याची अंमलबजावणी रतिमात्र चुकली नाही. गुन्हा सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला, तत्काळ सिद्ध झाला, ग्रंथात सांगितलेली शिक्षा पूर्णपणे दिली गेली, आणि तरीही गुन्हेगाराच्या पदरात गुन्ह्याचे फळ तसेच राहिले. चेंडू सोडला असता तर उरुग्वेचा पराभव ठरलेला होता. हात लावल्यावर तो केवळ संभाव्य झाला, कारण पेनल्टीचे चारांतले साधारण तीनच फटके आत जातात. लाल कार्डामुळे सुआरेझ नेदरलँड्सविरुद्धच्या पुढल्या सामन्याला मुकला हे खरे, परंतु हात आवरता तर तो सामना त्याच्या देशाच्या वाट्याला आलाच नसता. ज्या दंडाची रक्कम लाभाहून कमी असते, तो दंड नसून परवान्याची फी असते, आणि ती भरून माल नेणाऱ्यावर रागावण्यापेक्षा दरपत्रक लिहिणाऱ्यास जाब विचारणे मला अधिक रास्त वाटते.

विलक्षण गोष्ट ही की पेनल्टीचा जन्मच मुळी अशा कृत्याच्या बंदोबस्तासाठी झाला. आर्मा परगण्यातील मिलफर्ड गावच्या तागाच्या गिरणीमालकाचा पुत्र विल्यम मॅक्रम, जो स्वतः गोलरक्षक होता, त्याची ही कल्पना आयरिश संघटनेने १८९० साली मांडली, तेव्हा इंग्रज सभ्य गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडतील असे गृहीत धरणे हाच अपमान आहे, अशा आविर्भावात तिची टवाळी झाली. पुढच्याच फेब्रुवारीत एफ. ए. कपच्या सामन्यात नॉट्स काउंटीच्या एका बचावपटूने स्टोकचा निश्चित गोल रेषेवर हाताने थोपविला. स्टोकला मिळाली ती रेषेपासून काही इंचांवरची साधी फ्री किक, जिच्यापुढे गोलरक्षक भिंतीसारखा उभा राहिला, आणि स्टोक एका गोलने हरले. सभ्य गृहस्थांविषयीचा विश्वास काहीसा डळमळला असावा, कारण त्या जूनमध्ये पेनल्टी कायद्यात दाखल झाली. १८९१ च्या मानाने ही मोठी सुधारणा होती; परंतु तिच्याने स्टोकचा घाव अर्धामुर्धाच भरतो, आणि जोहान्सबर्गला त्या अर्ध्या उपायाची पोकळी उघडी पडली.

सुआरेझला खलपुरुष ठरविणे सोपे आहे, आणि घानात ते अद्याप चालू आहे. २०२२ साली कतारमध्ये हे दोन संघ पुन्हा भेटले तेव्हा आदल्या दिवशी पत्रकारांनी क्षमेचा विषय काढला. त्यावर, पेनल्टी चुकली ती घानाच्या खेळाडूची, आपण कोणाला इजा केली असती तर क्षमा मागितली असती, असे त्याने रोखठोक उत्तर दिले. या उत्तरात नम्रता नाही, पण खोटेपणाही नाही. उरुग्वेचे लोक तर याहून पुढे जाऊन म्हणतात की ती शेवटची फ्री किकच मुळात अन्यायाने दिलेली होती. (त्या भेटीत घानाचा आंद्रे आय्यू पेनल्टी चुकला, उरुग्वे जिंकूनही स्पर्धेबाहेर गेले, आणि राखीव बाकावर सुआरेझ रडला.)

घानाचे चाहते शूटआउटच्या नावाने बोटे मोडतात, ते मात्र मला पटत नाही. बरोबरीचा निकाल लावण्याची पूर्वीची रीत ज्यांना ठाऊक आहे, ते या पद्धतीला जुगार म्हणणार नाहीत. १९५४ च्या विश्वचषकाचे दार तुर्कस्तान आणि स्पेन यांपैकी कोणास उघडावे, हे रोममध्ये डोळे बांधलेल्या एका मुलाने चिठ्ठी उचलून ठरविले. १९६८ साली इटली आणि सोव्हिएत संघ यांच्या युरोपीय उपांत्य सामन्याचा फैसला नाण्याच्या ओलीसुकीने झाला. १९७० पासून आलेल्या शूटआउटमध्ये निदान पाय, डोके आणि काळीज ही खेळाडूंची असतात. जो ग्यान काही क्षणांपूर्वी चुकला होता, त्यानेच घानाचा पहिला फटका मारून चेंडू जाळ्यात घातला. याहून मोठे धैर्य मी या खेळात क्वचितच पाहिले आहे. घानावर अन्याय झाला तो शूटआउटच्या आधी.

म्हणून माझे मत असे की गोलरेषेवर हेतुपुरस्सर हाताने अडविलेला गोल पंचांनी सरळ गोल म्हणून नोंदवावा. चेंडूने रेषा ओलांडली नसताना गोल कसा देता येईल, या आक्षेपाचे उत्तर शेजारच्या खेळांत आहे. रग्बीत अन्यायाने रोखलेला ट्राय पंच बहाल करतात. बास्केटबॉलमध्ये रिंगकडे उतरणारा चेंडू बचावपटूने उडविला तर ती बास्केट मोजली जाते. आणि क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर पाच धावा मिळतात, हे आपल्याकडील पोरेही जाणतात. चेंडू नक्की आत गेलाच असता हे कोणी ठरवावे, हा दुसरा आक्षेप वरकरणी वजनदार वाटतो. पण हाताने गोल रोखल्याबद्दल लाल कार्ड दाखविताना पंच नेमका हाच निष्कर्ष काढीत असतो, आणि खेळाडूला बाहेर घालविण्यास पुरेसा असलेला पुरावा फलकावर एक आकडा चढविण्यास अपुरा का मानावा, हे मला उमगलेले नाही. जेथे खरोखर शंका असेल, गर्दीत चेंडू हातावर येऊन आदळला असेल, तेथे पेनल्टी आहेच.

हा बदल करण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळ या १८८६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या हाती आहे. तिच्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना प्रत्येकी एक मत असते, उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने फिफाला चार, आणि कायद्याचा शब्द हलविण्यास आठांपैकी सहा मते लागतात. अर्थात घानाची फिर्याद मंजूर व्हावयाची तर फिफाची चारही मते मिळून भागत नाही. ब्रिटनमधील निदान दोन संघटनांना तरी ती पटावी लागते, आणि मॅक्रमचा प्रस्ताव प्रथम जेथे हशावारी गेला ते दालन हेच.