हात हलवत खेळा!

दिवाळीला घरी काय न्यायचं? पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या पब्लिकला दरवर्षी सतावणारा प्रश्न. मिठाई आईच्याच हातची लागते, आपण आणलेला शर्ट बाबांना कधीच आवडत नाही आणि नवा मोबाइल दिला की पुढची चार वर्षं फोनवरून फुकट टेक सपोर्ट द्यावा लागतो. मग ऑफिसखालच्या टपरीवर कुणीतरी फंडा देतं, 'अरे, तो हात हलवून खेळायचा कन्सोल ने ना! सेकंडहँड मिळतो. फुल फॅमिली खेळेल.'

फंडा वाईट नाही. दिवाळीचे चार दिवस घरी जायचं आणि चौघांनी चार मोबाइलमध्ये माना घालून बसायचं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण कुठला न्यायचा? कारण या हात हलवायच्या धंद्यात एकेकाळी तीन बड्या कंपन्यांची सॉलिड जुंपली होती. निन्टेन्डोचा वी आला नोव्हेंबर २००६ मध्ये. जवळजवळ चार वर्षांनी, सप्टेंबर २०१० मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ साठी मूव्ह काढला आणि दोनच महिन्यांत मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी किनेक्ट. तिघांचं वचन एकच होतं. बटणं विसरा, हात हलवा.

जाहिरातींत हे सगळं फार देखणं दिसायचं. गोरीगोमटी फॅमिली, मागे ढकललेला सोफा आणि टीव्हीसमोर बॅडमिंटन खेळता येईल एवढी मोकळी जागा. आता आमचं भंडाऱ्याचं घर डोळ्यांसमोर आणा. (रेल्वेने येत असाल तर उतरायचं वरठीला. आमचं 'भंडारा रोड' स्टेशन भंडाऱ्यात नाहीच.) हॉलमध्ये एका भिंतीला दिवाण. दुसऱ्या भिंतीला शोकेस आणि त्यात पितळेची भांडी, कारण भंडारा म्हणजे पितळेचं गाव. तिसऱ्या भिंतीच्या खिडकीत कूलर, जो उन्हाळा संपला तरी 'पुढच्या वर्षी पुन्हा बसवावा लागेल' म्हणून काढलेलाच नाही. उरलेल्या जागेत पाहुणे. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई सुरू होते. दिवसा दंडार, रात्रभर नाटक आणि घरोघरी लेकी, जावई, पोरंटोरं. तीन कंट्रोलर्सची तुलना करायची तर ती शोरूममध्ये नाही, या हॉलमध्ये करू या.

आधी वी. त्याचा रिमोट साध्या टीव्हीच्या रिमोटसारखा दिसतो आणि हा मास्टरस्ट्रोक होता. कारण सोळा बटणांचा गेमपॅड हातात दिला की आपले आईबाबा 'आम्हाला नाही जमत बाई' म्हणून परत करतात, रिमोट मात्र ते बिनधास्त धरतात. आत आहे अॅक्सेलरोमीटर, म्हणजे हाताला बसलेला झटका मोजणारी चिप. तोंडाशी आहे एक छोटा इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणतात खरं, पण ती काहीच सेन्स करत नाही! तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, बस्स. ते दोन ठिपके रिमोटमधल्या कॅमेऱ्याला दिसतात आणि त्यावरून आपण पडद्यावर कुठे बोट दाखवतोय ते कळतं. म्हणून पट्टी बिघडली तर लोक तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावतात आणि काम चालतं. दिवाळीत पणत्या तर घरात असतातच. (पडद्याजवळ नको, प्लीज.)

वीची एक गंमत होती आणि जाणकार गेमर त्यावर जाम चिडायचे. झटका कळतो, पण हात नेमका कुठल्या कोनात फिरला ते त्याला धड कळत नाही. त्यामुळे वी स्पोर्ट्समधल्या टेनिसला फेडररसारखा फोरहँड मारा, नाहीतर दिवाणावर लोडाला टेकून नुसतं मनगट हलवा, बॉल जातोच. निन्टेन्डोने २००९ मध्ये मोशनप्लस नावाचा जोड देऊन त्यात जायरोस्कोप घातला आणि रिमोट बऱ्यापैकी हुशार झाला. पण मला विचाराल तर पहिला मठ्ठ रिमोटच घरासाठी बेस्ट होता. कारण ज्या आजीचे गुडघे दुखतात ती खुर्चीत बसून बोलिंग करू शकते आणि चक्क जिंकू शकते. नातवाला दहा पिनांपैकी सहा आणि आजीला स्ट्राइक! बोलिंगला तर एकच रिमोट हातोहात फिरवला तरी चालतो, चार घ्यायची गरज नाही. जगभरात दहा कोटींहून जास्त वी विकले गेले, त्यामागे प्रोसेसरची ताकद नव्हती. प्रतिस्पर्धी कन्सोल त्याच्यापेक्षा कितीतरी तगडे होते.

आता किनेक्ट. टेक्नॉलॉजी म्हणाल तर तिघांत हाच हीरो, यात वादच नाही. हातात काहीच धरायचं नाही! टीव्हीखालचा हा लांबुळका डबा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची रांगोळी हॉलभर काढतो, दुसरा कॅमेरा ती रांगोळी कुठे वाकडी झाली ते बघतो आणि त्यावरून कोण किती अंतरावर उभं आहे ते काढतो. मग शरीरातले वीस सांधे ओळखून पडद्यावर तुमचा सांगाडा नाचवतो. पहिल्या साठ दिवसांत ८० लाख किनेक्ट खपले. गिनीज बुकात नाव गेलं.

आणि आता हा हीरो आमच्या हॉलमध्ये आणा. एकट्याने खेळायचं तर त्याला सुमारे सहा फूट अंतर हवं, दोघांनी खेळायचं तर आठ. दिवाण आणि टीव्हीच्या मध्ये आठ फूट? दिवाण अंगणात काढावा लागेल. हा प्रॉब्लेम फक्त आपलाच नव्हता बरं का. लहान घरांसाठी एका दुसऱ्या कंपनीने किनेक्टवर चढवायची लेन्स विकायला काढली होती, म्हणजे डब्याला चष्मा! पुढचं टेन्शन उजेडाचं. उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यात ही रांगोळी पुसली जाते. विदर्भाच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू? दार-खिडक्या बंद करून पडदे ओढून खेळायचं. बंद केलं की उकडतं, म्हणून कूलर लावायचा, आणि कूलर लावला की डब्याच्या चार माइकना घरघरीशिवाय काय ऐकू येणार?

पण खरी गोची पुढे आहे. किनेक्टला समोरची सहा माणसं दिसतात, सांगाडा मात्र तो दोघांचाच धरतो. मंडईच्या दिवसांत आमच्या हॉलमध्ये सहा माणसं म्हणजे घर रिकामं आहे. कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन मधून जातं, एखादं पोरगं रांगत पुढे येतं आणि त्या बिचाऱ्याला कळेना होतं की आता खेळाडू कोण. बसून खेळणाऱ्या माणसाशी पहिल्या किनेक्टचं फारसं जमत नसे. अंगाचा आकार झाकणारे ढगळ कपडेही त्याला चालत नाहीत. आता नऊवारीत, खुर्चीत बसलेल्या आजीचं काय करायचं? ज्या यंत्राला काहीच शिकावं लागू नये म्हणून बनवलं, त्यानेच घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवलं. मला तरी किनेक्ट घरात यामुळेच नापास वाटतो. मोकळ्या गच्चीएवढ्या हॉलमध्ये, दोन धडधाकट माणसांना डान्स गेम खेळायचा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हेही खरं.

मूव्हवर आईस्क्रीमसारखा एक चमकता गोळा असतो, आणि त्या गोळ्यामुळे तो दिसायला जरा येडपट वाटतो. पण डोकं तेज आहे. टीव्हीवरचा कॅमेरा तो गोळा बघतो. गोळा मोठा दिसला की हात जवळ, लहान दिसला की लांब. हॉलमध्ये जो रंग नसेल तो रंग गोळा आपोआप घेतो. (आमच्याकडे एक भिंत गुलाबी, एक निळी आणि वर हिरवा पट्टा असतो, त्यामुळे त्याला जरा विचार करावा लागेल.) दांड्यात अॅक्सेलरोमीटर, जायरोस्कोप आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर, तिन्ही आहेत. त्यामुळे मनगट किती वळलं, दांडा किती तिरका झाला, सगळं त्याला कळतं. अचूकपणात तो वीच्या पुढे आणि किनेक्टच्याही पुढे.

हे अचूकपण आपल्याला का हवं? एका शब्दात सांगते. क्रिकेट! वी स्पोर्ट्समध्ये टेनिस, बेसबॉल, गोल्फ, बोलिंग, बॉक्सिंग होतं, क्रिकेट नव्हतं. आपलं क्रिकेट करायला मुंबईच्या ट्राइन गेम्सला पुढे यावं लागलं. त्यांनी २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ वर 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' काढलं. नावातच मूव्ह. गल्लीतलं क्रिकेट आणि बॅट म्हणून हातात तो गोळेवाला दांडा. विचार करा, क्रिकेटसाठी तिघांपैकी हाच का? बॅटचा तोंडवळा. लेट कट आणि ड्राइव्ह यांच्यात फरक असतो तो मनगटाचा. वीला झटका कळतो पण बॅटचा कोन कळत नाही. किनेक्टला हात कुठे आहे ते दिसतं, पण मुठीत धरलेली बॅट किती वळली ते दिसत नाही, कारण मुठीत बॅटच नाही! रिकाम्या हातांनी कव्हर ड्राइव्ह मारायला सांगितला तर आमचे काकाजी पहिलं हेच विचारतील, 'बॅट कुठाय बे?'

आणि मला वाटतं, काकाजींचा प्रश्न बरोबर आहे. माणसाला हातात काहीतरी लागतं. दांडा, चेंडू, विटी, टिपऱ्या, काहीही. मुठीला वजन नसलं की शरीर खोटं खेळतं.

पुढे काय झालं ते पटकन सांगते. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या एक्सबॉक्स वनबरोबर नवा किनेक्ट सक्तीने दिला. त्यामुळे अमेरिकेत कन्सोल प्लेस्टेशन ४ पेक्षा शंभर डॉलरने महाग पडला. २०१४ मध्ये सक्ती काढली, २०१७ मध्ये उत्पादन बंद. पण ज्या इस्रायली प्राइमसेन्सची टेक्नॉलॉजी पहिल्या किनेक्टमध्ये होती, तिला अॅपलने २०१३ मध्येच विकत घेतलं होतं. २०१७ चा आयफोन टेन चेहरा ओळखू लागला तो तसेच अदृश्य ठिपके टाकून. म्हणजे हॉलमध्ये न मावलेला किनेक्ट आज तुमच्यातल्या कित्येकांच्या खिशात आहे! मूव्हला २०१६ मध्ये सोनीच्या व्हीआर हेडसेटबरोबर दुसरा जन्म मिळाला. पण व्हीआर म्हणजे एकाने डोक्यावर डबा चढवायचा आणि बाकीच्या घराने त्याच्याकडे बघत बसायचं. निन्टेन्डोने मात्र वीचा वारसा २०१७ च्या स्विचच्या जॉय-कॉनमध्ये चालू ठेवला. २०२२ चं स्विच स्पोर्ट्स हे वी स्पोर्ट्सचंच नातवंड. बजेट असेल तर सरळ तेच घ्या. फक्त दुकानदाराकडून वॉरंटीचं काय ते लेखी घ्या, कारण आपल्याकडे स्विच बहुतेक ग्रे मार्केटमधूनच आलाय.

बजेट नसेल तर माझं मत वीला. घरात क्रिकेटवेडे दोघं-तिघं असतील आणि तुम्हाला शोधाशोधीचा कंटाळा नसेल तर मूव्ह. किनेक्ट कुणी फुकट दिला तरच.

आता सेकंडहँड घेताना बघायच्या गोष्टी. किनेक्टच्या बाबतीत, जुन्या जाड एक्सबॉक्स ३६० ला तो वेगळ्या पॉवर अॅडॅप्टरशिवाय लागत नाही. तो अॅडॅप्टर विचारून घ्या. मूव्हची बॅटरी आतच बसवलेली असते. इतक्या वर्षांनी ती किती वेळ टिकते ते चार्ज करून बघा. कॅमेराही प्लेस्टेशन ३ चाच हवा, प्लेस्टेशन ४ चा चालणार नाही. वीच्या रिमोटमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात. मागचं झाकण उघडून आत हिरवट गंज चढलाय का ते बघा. ऑनलाइन दुकान २०१९ मध्येच बंद झालंय, त्यामुळे डिस्क मिळणार असतील तरच घ्या. एक सोय मात्र आहे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी वायर त्याच्याबरोबरच येते, म्हणजे घरातल्या जुन्या डब्बा टीव्हीलाही तो जोडता येतो.

अमेरिकेतल्या दादाने किंवा मावशीने त्यांचा जुना वी प्रेमाने दिला असेल तर प्लग लावायच्या आधी अॅडॅप्टरवरचे बारीक आकडे वाचा. तिकडचा अॅडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर लक्ष्मीपूजनाआधीच फटाका वाजेल. २३० व्होल्टचा वेगळा मिळतो, तो घ्या. शिवाय अमेरिकी मशीनवर युरोपच्या डिस्क चालत नाहीत, त्यामुळे गेम्सही तिकडूनच मागवा.

शेवटचं, आणि हे मनावर घ्या. रिमोटला मनगटाचा पट्टा असतो. वी नवा असताना लोकांच्या हातून रिमोट उडून टीव्हीवर जाऊन आदळू लागले, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने ३२ लाख पट्टे जाड दोरीचे बदलून द्यायची तयारी दाखवली होती. जुन्या रिमोटचा पट्टा तुटका असेल तर नवा घाला. आणि काकाजींच्या मनगटात तो तुम्ही स्वतः घालून द्या, ते आपणहून घालणार नाहीत.